थंडी खालून येते

सह्याद्रीत उघड्यावर झोपून रात्रभर कुडकुडलेला माणूस सकाळी पहिली तक्रार करतो ती पांघरुणाची. ब्लँकेट पातळ होतं, स्लीपिंग बॅग फसवी निघाली, अजून एक चादर आणायला हवी होती. "आणि अंगाखाली काय होतं?" असं विचारलं की गडी गोंधळतो. सतरंजी होती. किंवा काहीच नव्हतं, तंबूचा तळ होता ना!

मी नाशिकची. शाळेत विज्ञान शिकवते आणि हिवाळ्यात मुलं, त्यांचे आईबाप, कधी एखादी उत्साही आजी असा मेळा घेऊन भंडारदरा, रतनगड, हरिश्चंद्रगड या पट्ट्यात मुक्कामाला जाते. निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांच्या सॅक शाळेच्या हॉलमध्ये ओतायला लावते. वर घ्यायच्या वस्तूंचा ढीग निघतो. दुलई, शाल, दोन स्वेटर आणि आईने बळेच कोंबलेला तिसरा. खाली घालायला बहुतेकांकडे काही नसतं. फार तर प्लॅस्टिकची चटई, जी पंगतीला बसायला ठीक.

झोपलेल्या माणसाचं शरीर साधारण ७० ते ८० वॅट उष्णता तयार करतं, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बइतकी. रात्रभराचं भांडवल एवढंच. पांघरूण त्यात एका वॅटची भर घालत नाही. ते फक्त अंगाभोवतीची हवा अडवून धरतं. ऊब हवेत असते, कापडात नाही. म्हणूनच रजई नवी असताना, कापूस फुगलेला असताना गरम वाटते आणि दहा वर्षं वापरून चपटी झाली की तीच रजई निरुपयोगी होते. आता तुम्ही स्लीपिंग बॅगमध्ये शिरून आडवे झालात की काय होतं बघा. वरची बाजू फुगलेली राहते. खालची बाजू तुमच्या वजनाने दाबली जाते, तिच्यातली हवा निघून जाते आणि पाठ व जमीन यांच्यामध्ये दोन पातळ कापडं तेवढी उरतात. बॅग पाच हजारांची असो की पंचवीस हजारांची, अंगाखाली दोघींची किंमत सारखीच.

आणि खाली आपल्याकडे असतो काळा पाषाण. बेसाल्ट हवेच्या पन्नास पटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतो. संध्याकाळी हा दगड मोठा लबाड असतो. दिवसभराच्या उन्हाने तापलेला, हात लावला की कोमट लागतो. दमलेली मंडळी कातळावरच पसरतात. खाली काही घालायचं त्यांना सुचत नाही. मध्यरात्रीपर्यंत त्या कातळाने आपली उष्णता आकाशाला देऊन टाकलेली असते आणि मग तो तुमची घ्यायला लागतो. पहाटे तीनला कंबर आखडून जाग येते ती त्यामुळे. त्या वेळी लोक अंगावर अजून काहीतरी ओढतात. तेच पाठीखाली घातलं असतं तर जास्त कामाला आलं असतं.

हे मला भौतिकशास्त्राच्या पुस्तकाने शिकवलं असं म्हणायला आवडेल, पण शिकवलं धनगरांनी. माण, खटाव, फलटण, पारनेर, संगमनेर या कमी पावसाच्या भागांतले मेंढपाळ दिवाळीच्या सुमाराला घोड्यांवर बिऱ्हाड लादून बाहेर पडतात ते पावसाळ्याच्या तोंडाला परततात. अख्खा हिवाळा उघड्यावर. आज या शेतात वाडा, चार दिवसांनी पुढच्या. शेतकरी मेंढरं बसवून घेतो, कारण लेंडीखत आयतं मिळतं. त्याबदल्यात धान्य किंवा पैसे देतो. रात्री मेंढरं वाघरीच्या जाळीत, लहान कोकरं डालग्याखाली, कुत्री भोवताली आणि माणसं मध्ये. अकोले तालुक्यातल्या अशाच एका वाड्यावर मी मुलांना घेऊन चहाला थांबले होते. आमच्या पाठीवरच्या फुगीर पिशव्या बघून तिथली म्हातारी म्हणाली, "बाई, वर किती घेशीला? आधी खाली टाका की." तिचं अंथरूण मी निरखून पाहिलं. तळाला वाळलेलं सरमाड, त्यावर बारदान, त्यावर घोंगडी. पांघरायला दुसरी घोंगडी आणि पायाशी एक वाकळ. म्हणजे तीन थर खाली, दोन वर. आपण शहरातले नेमके उलट करतो.

घोंगडी खाली का चालते, याला कारण आहे. दख्खनी मेंढीची लोकर राठ. अंगाला टोचते, म्हणून शहरात कुणाला नको असते. पण तोच राठपणा दाबाखाली टिकतो. पिसं किंवा मऊ तंतू वजनाखाली लोळागोळा होतात, ही लोकर मात्र थोडी तटून राहते आणि मधली हवा सोडत नाही. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल पोटात घेते तरी हाताला भिजलेली लागत नाही. विणण्याआधी ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, खड्ड्यातल्या मागावर विणतात. अशी घोंगडी पावसात खोळ करून डोक्यावर घेता येते आणि थंडीत अंथरता येते. ती वजनाला जड आहे, मान्य. पाठीवर घेऊन रतनगडाच्या शिड्या चढायला मी कुणाला सांगणार नाही. पण गाडीने जाऊन शेतात, धरणाकाठी राहणार असाल तर महागड्या गादीऐवजी एक घोंगडी घ्या. आज दख्खनी लोकरीला इतका कमी भाव आहे की पुष्कळ मेंढपाळांचा कातरणीचा खर्चही निघत नाही, आणि मटणाला वजन चांगलं भरतं म्हणून कळपांत माडग्याळसारख्या जाती शिरल्या आहेत, ज्यांच्या अंगावर कामाची लोकर फारशी नसते. आणखी काही वर्षांनी असली घोंगडी शोधत फिरावं लागेल असं मला वाटतं.

पाठीवर न्यायला फोमची मॅट बरी. बंद छिद्रांच्या फोमची, साधारण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जाडीची, वजन अर्धा किलोच्या आत. तिच्यात पाणी शिरत नाही आणि काटा टोचला तरी ती फुसकन बसत नाही. हवा भरायच्या मॅट मऊ असतात, पण नुसत्या पोकळ असतील तर आतली हवा रात्रभर खालीवर फिरून ऊब जमिनीला पोचवते. आत फोम किंवा चमकदार पडदे असलेल्या घ्याव्यात. मॅट किती उष्णता अडवते त्याला आर-व्हॅल्यू असा आकडा असतो. साध्या फोमची दोनच्या आसपास, आणि दोन मॅट एकावर एक टाकल्या की आकड्यांची सरळ बेरीज होते. सह्याद्रीत डिसेंबर-जानेवारीत एक मॅट आणि तिच्याखाली भाताचा पेंढा एवढ्यावर निभतं. डिसेंबरात उत्तराखंडात केदारकंठाच्या बर्फात झोपायला जी आपली पोरं जातात, त्यांनी दोन मॅट न्याव्यात. पेंढा मात्र गावात विचारून घ्यावा. तो कुणाच्या तरी गुरांचा चारा असतो आणि रचलेल्या उडवीतून परस्पर उपसणाऱ्या पाहुण्यांबद्दल गावकरी काय बोलतात ते मी ऐकलेलं आहे. काहीच नसेल तेव्हा रिकामी सॅक, दोर, वाळका पाला, वर्तमानपत्रं, जे मिळेल ते कंबर आणि खांद्याखाली सरकवावं. वजन तिथेच पडतं, म्हणून ऊब तिथूनच जाते.

जमिनीनंतर दुसरा ग्राहक आकाश. हे ऐकून मुलं हसतात. पण स्वच्छ रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू, गवत, दगड, तंबूचं कापड, तुमचं नाक, वरच्या दिशेने उष्णता उत्सर्जित करत असते. ढग असले तर ते त्यातली बरीचशी परत पाठवतात. कोरड्या, निरभ्र आकाशातून परत फारसं काही येत नाही. म्हणून गवताची पाती आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतात आणि त्यांच्यावर दव धरतं. बातम्यांतला पारा मोजतात तो जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, फटींच्या पांढऱ्या लाकडी पेटीत. तुम्ही झोपता त्याच्या खाली, आणि पेटीत नाही. नाशिकला ७ जानेवारी १९४५ रोजी ०.६ आणि पुण्याला १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश नोंदले गेले, ते असे उंचावरचे आकडे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याचे फोटो छापून येतात त्या दिवशीही शहराचा अधिकृत पारा शून्याच्या बराच वर असतो. तेव्हा बातमीत आठ अंश वाचलेत, तर अंथरुणाशी तीन-चार धरून चालावं.

माझं माहेर निफाडकडचं, द्राक्षांचं. तिथे हे सगळं लोक शाळेत न जाता जाणतात. पारा फार उतरला की पिकत आलेले मणी तडकतात, म्हणून बागेत जागोजागी शेकोट्या पेटतात, पहाटे पाणी सोडलं जातं. वडील बॅटरी घेऊन निघाले की आधी जायचे ओढ्याकडच्या सखल कोपऱ्यात. थंड हवा जड. रात्री ती उताराने ओघळत खोलगटात जमते, त्यामुळे त्याच शेतात माथ्यावर आणि ओढ्यात दोन-चार अंशांचा फरक पडतो. डोंगरातही तसंच. पाण्याशेजारची सपाट, हिरवळीची, फोटोला देखणी जागा ही सगळ्यांत गार आणि सगळ्यांत ओली असते. ओढ्यापासून दहा-पंधरा मीटर वर चढा, फरक गालांना कळतो. अगदी वर, खिंडीत किंवा कड्याच्या तोंडाशी नको, तिथे वारा रात्रभर झोडपतो. कोकणकड्याच्या काठावर तंबू ठोकण्याचा हट्ट तर दुसऱ्याही कारणासाठी मोडून काढावा. झाडाखाली दव पडत नाही, कारण तिथे आकाशाऐवजी वर फांद्या असतात. मधमाश्यांची पोळी आणि वाळक्या फांद्या तेवढ्या आधी बघून घ्याव्यात. लेणी आणि गुहा हिवाळ्यात उत्तम, कारण आतल्या खडकाचं तापमान दिवसरात्र फारसं हलत नाही. जमीन ओली नसली आणि खाली मॅट असली म्हणजे झालं. तंबू ऊब देतो हा गैरसमज आहे. तो वारा आणि आकाश अडवतो. त्याच्या खिडक्या घट्ट बंद केल्या तर चार माणसांच्या श्वासाची वाफ छतावर जमून पहाटे अंगावर ठिबकते. वरच्या फटी उघड्याच ठेवाव्यात.

स्लीपिंग बॅग घेताना लेबलवरचा एकटा उणे आकडा वाचू नये. आयएसओ २३५३७ हे मानक पाळणाऱ्या बॅगवर तीन तापमानं असतात. आरामाचं तापमान सरासरी बाईला निवांत झोपता येईल ते. मर्यादेचं तापमान सरासरी पुरुष आखडून घेऊन रात्र काढील ते. आणि टोकाचं तापमान म्हणजे सहा तास जीव राहील, पण शरीर धोकादायक थंड होऊ शकेल. दुकानात मोठ्या अक्षरांत छापतात तो पुष्कळदा हा तिसरा. खरेदी पहिल्या आकड्यावर करावी. बायकांना झोपेत थंडी जास्त वाजते हे या मानकातच गृहीत धरलेलं आहे, तेव्हा ग्रुपमधल्या पुरुषांनी "मला तर काहीच वाटत नाही" हे पालुपद बंद करायला हरकत नाही. आणि या सगळ्या चाचण्या बॅगेखाली मॅट ठेवून करतात, हे लेबलवर कुणी लिहीत नाही.

आता ओल. पाणी हवेच्या सुमारे २५ पट उष्णता वाहून नेतं. चढताना घामाने भिजलेला सुती टी-शर्ट घालून झोपणं म्हणजे रात्रभर अंगाची ऊब वाटून टाकणं. झोपायचा एक कोरडा जोड, बनियनपासून मोज्यांपर्यंत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वेगळा ठेवायचा आणि कितीही मोह झाला तरी दिवसा काढायचा नाही. माझ्या मेळ्यात हा नियम मोडणाऱ्याला सकाळी भांडी घासायला लागतात. मोजे सैल हवेत. दोन घट्ट मोज्यांनी रक्त अडतं आणि बोटं उलट गार पडतात. गोधड्या कोरड्या थंडीत झकास, पण दवाने भिजल्या की वाळायला दिवस जातो. कानटोपी हवीच. अर्धी ऊब डोक्यातूनच जाते ही ऐकीव गोष्ट खोटी आहे, डोक्यातून जाते ती त्याच्या पृष्ठभागाच्या हिशेबात, दहा टक्क्यांच्या आसपास. पण बाकी सगळं झाकलेलं असताना उघडं राहतं ते डोकंच, म्हणून काकांची माकडटोपी चेष्टेचा विषय असली तरी शास्त्राला धरून आहे. तोंड बॅगेत खुपसू नये. श्वासातली वाफ आत मुरते. नाकावरून मफलर घ्यावा.

जेवण चापून करावं. पचनाचीही ऊब असते. पाचनई किंवा साम्रदला घरगुती जेवण मिळतं तिथे मी मुलांच्या ताटात बाजरीची भाकरी आणि वर गूळ-तूप हट्टाने वाढायला लावते, आणि झोपताना शेंगदाण्याचा एक लाडू. पाणी कमी पिऊ नये. रात्री उठावं लागेल म्हणून मुली आणि बायका संध्याकाळपासून पाणी तोडतात, हे मला पहिल्यापासून दिसत आलंय. मग पहाटे डोकं दुखतं, हातपाय गार पडतात, आणि उठावं तर लागतंच. त्यावर उपाय पाणी तोडणं नाही. जागा आधी ठरवून ठेवावी, जोडीला कोण येणार ते ठरवावं, बॅटरी उशाशी असावी. लागली की लगेच उठून यावं. तासभर दाबून धरलं तर तेवढी झोप गेली.

मुलांचा आवडता उपाय बाटलीचा. एकपदरी स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरायचं, झाकण घट्ट लावून उलटी करून बघायचं, जाड मोज्यात घालायची आणि मांड्यांमध्ये धरून झोपायचं. दुहेरी भिंतीची थर्मासची बाटली इथे चालत नाही, ती ऊब स्वतःशीच ठेवते. १ लिटर पाणी ८० अंशांवरून ३५ अंशांवर येताना ४५ किलोकॅलरी देतं; झोपलेलं शरीर तासाला सुमारे ६५ किलोकॅलरी तयार करतं. म्हणजे शरीराची चाळीसेक मिनिटांची कमाई आयती मिळाली. आणि सकाळी तेच पाणी चहाला.

शेकोटीबद्दल माझं मत फार चांगलं नाही. गप्पांना ती हवी, झोपेला नको. एक बाजू भाजते, दुसरी गारठते, ठिणगीने नायलॉनला भोकं पडतात आणि वाळक्या गवताच्या पठारावर वणवा लागायला फार वेळ लागत नाही. अभयारण्यात तर मनाईच असते. पण खरी भीती निखाऱ्यांची. उरलेले निखारे घमेल्यात घेऊन तंबूत किंवा बंद गाडीत ठेवायचे असं कुणी सुचवलं तर तिथल्या तिथे अडवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आत तो जातो. उत्तर भारतातून दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या येतात. गॅसचा स्टोव्हही आत पेटवायचा नाही. दारूही तशीच फसवी. तिने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगाला गरम वाटतं, आणि पोटातली ऊब बाहेर निघून जाते.

पहाट सगळ्यांत गार. हवेचं तापमान सूर्योदयाच्या आसपास तळाला जातं आणि आपल्या शरीराचं स्वतःचं तापमानही त्याच्या तास-दोन तास आधी सगळ्यांत खाली असतं. त्या वेळी मी एक फेरी मारते. थरथरणारा माणूस मला फारसा घाबरवत नाही, थरथर म्हणजे शरीर ऊब तयार करतंय. बोलताना जीभ अडखळते, हातातली वस्तू पडते, साधी चेन लावता येत नाही, चालताना झोकांड्या जातात, आणि थंडी वाजत असतानाच थरथर थांबते, तेव्हा काळजी. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली गेल्याची ही लक्षणं. अशा माणसाचे ओले कपडे काढायचे, खाली जाड थर द्यायचा, कोरडं गुंडाळायचं, शुद्धीत असून नीट गिळता येत असेल तर गोड गरम चहा घोटघोट द्यायचा. हातपाय चोळायचे नाहीत, शेकोटीजवळ नेऊन बसवायचं नाही, आणि खाली गावात नेऊन डॉक्टर गाठायचा.

दोन रात्रींचा मुक्काम असेल तर दुसरी रात्र पहिलीपेक्षा गार जाते, पारा तेवढाच असला तरी. पहिल्या रात्रीचा घाम आणि दव बॅगेत मुरलेलं असतं आणि सकाळी घाईत ती तशीच गुंडाळून कोंबलेली असते. म्हणून ऊन आलं की बॅग उलटी करून झुडपांवर पसरायची, मॅटची खालची बाजू वर करायची, मोजे दगडावर टाकायचे. पालक घड्याळ दाखवतात, बॅगा अजून दमट असतात. खाली थांबलेली आठवड्याच्या बाजाराची जीप निघून गेली तरी चालेल, दुसरी मिळते.